सेंच्युरियनचा स्वार : लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर

नागपूरच्या महालात मुलांच्या हाती पहिली प्रतिकृती येते ती लाकडी नंदीबैलाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, चाके लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत मुले गल्लोगल्ली निघतात, आणि ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसले यांच्या काळापासून चालत आल्याचे महालात अभिमानाने सांगितले जाते. मोठ्यांच्या जगातील एखादी मोलाची वस्तू लहान करून मुलांच्या हाती द्यावी, म्हणजे तिच्यामागचे कष्ट त्यांना खेळता खेळता कळतील, अशी शहाणी दृष्टी या प्रथेमागे असावी. त्याच महालातील एका घरी अलीकडे एक वेगळी प्रतिकृती आली. परदेशी राहणाऱ्या काकांनी पुतण्यासाठी धाडलेला, सेंच्युरियन या रणगाड्याच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचा तो संच होता.

पेटी उघडताच प्रथमदर्शनी थोडी निराशाच होते. झाकणावरील चित्रात धूळ उडवीत धावणारा रणगाडा असतो आणि आत मात्र एकाच रंगाच्या प्लॅस्टिकच्या चौकटी. प्रत्येक चौकटीला फांदीला फळे लागावीत तसे शेकडो बारीक सुटे भाग लटकलेले, प्रत्येकाशेजारी आकडा छापलेला. सोबत जुळणीची आकृतिपत्रिका, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे आणि रबरासारख्या लवचिक पदार्थाचे दोन लांब पट्टे. डिंक आणि रंग आपले आपण आणायचे. मग एकेक भाग हातात घेऊन पाहिला की निराशेची जागा कौतुक घेते. दोन्ही अंगांस सहा-सहा चाके, त्यांना झाकणाऱ्या बाजूच्या पत्र्यांवरील बोल्टसुद्धा कोरलेले, आणि ओतीव पोलादाचा खडबडीतपणा टरेटच्या, म्हणजे तोफ वाहणाऱ्या फिरत्या मनोऱ्याच्या, प्लॅस्टिकवर उतरवलेला.

असे संच जगभर बहुधा १:३५ या प्रमाणात निघतात. या चमत्कारिक आकड्याचे मूळ युद्धशास्त्रात नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली, तेव्हा आतील बॅटऱ्या बसाव्यात म्हणून ठरलेला आकार पस्तिसाव्या हिश्शाचा भरला आणि पुढे तोच रूढ झाला. या मापाने सुमारे साडेसात मीटर लांबीचे सेंच्युरियनचे धूड बावीस सेंटिमीटरांत मावते. पन्नास टनांहून अधिक वजनाचे पोलाद तळहातावर पेलता येते. टरेटच्या दर्शनी भागातील १५२ मिलिमीटर जाडीचे चिलखत उरते अवघे चार मिलिमीटरांचे.

या टरेटच्या माथ्यावर एक गोल कठडा असतो. त्याला कुपोला म्हणतात. रणगाड्याचा कमांडर तेथे असतो आणि त्याच्या डोक्यावर पोलादी झाकण असते. प्रतिकृतीत हे झाकण उघडे चिकटवावे की बंद, याची निवड जुळणी करणाऱ्यावर सोडलेली असते. उघडे ठेवले तर कमांडरची छोटी आकृती छातीपर्यंत बाहेर काढून बसवता येते. मुलाला हा शोभेचा प्रश्न वाटतो. परंतु भारतीय सैन्याच्या इतिहासात असा एक अधिकारी होऊन गेला, ज्याने हा प्रश्न सियालकोटच्या रणभूमीवर तोफगोळ्यांच्या वर्षावात सोडवला आणि त्याची पुरेपूर किंमतही मोजली. त्याचे नाव अर्देशिर बुर्झोरजी तारापोर. पूना हॉर्स या रेजिमेंटचे ते कमांडंट होते आणि त्यांचे वाहन होते हेच, सेंच्युरियन.

तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे एक पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते, पराक्रमाबद्दल त्यांना गावे इनाम मिळाली आणि त्यांतील तारापूर या प्रमुख गावावरून घराण्याला आडनाव पडले, अशी परंपरा या कुटुंबात सांगितली जाते. पुढे हे घराणे निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्थिरावले. वडील संस्थानाच्या सीमाशुल्क खात्यात नोकरीस होते आणि फार्सी व उर्दूचे जाणकार म्हणून ओळखले जात. घरी अर्देशिर यांना आदी म्हणत, आणि सैन्यातही त्यांचे हेच नाव कायम राहिले.

आदींच्या बालपणाची एक आठवण त्यांच्या चरित्रांतून आवर्जून दिली जाते. घरची गाय दावे तोडून उधळली आणि त्यांच्या थोरल्या बहिणीच्या अंगावर धावून गेली. आदी तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. ते काठी घेऊन गाय आणि बहीण यांच्यामध्ये उभे राहिले आणि त्यांनी गाईला परतवून लावले. अशा बालकथा थोरांच्या चरित्रांत पुष्कळदा नंतर शोभून दिसतात म्हणून येतात. तारापोर यांच्या बाबतीत मात्र तिला दुजोरा देणारे प्रसंग पुढे साक्षीदारांसमोर घडले.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तुर मुलांच्या शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. पुस्तकी अभ्यासात त्यांची फारशी चमक नव्हती. मैदानावर ती होती. धावणे, पोहणे, मुष्टियुद्ध, क्रिकेट या साऱ्यांत ते पुढे असत आणि १९४० साली मॅट्रिक होताना ते शाळेचे कॅप्टन होते. शाळा संपताच त्यांनी हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात प्रवेश मिळवला आणि प्रशिक्षणानंतर १९४२ च्या आरंभी ७ हैदराबाद इन्फन्ट्री या पायदळ पलटणीत सेकंड लेफ्टनंट म्हणून ते रुजू झाले. पायदळात त्यांचे मन मात्र रमले नाही. त्यांना चिलखती दलात जायचे होते, पण त्यासाठी केलेल्या खटपटीला यश येत नव्हते.

ते यश आले एका अपघातातून. संस्थानी सैन्याचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस तारापोर यांच्या पलटणीची तपासणी करण्यास आले होते. नव्या जवानांना हातबॉम्ब फेकण्याचे शिक्षण चालू होते. एका जवानाचा हात चुकला आणि पिन काढलेला बॉम्ब फेकण्याच्या खंदकातच पडला. हातबॉम्ब फुटण्यास काही सेकंदच लागतात. तारापोर यांनी खंदकात उडी टाकली, तो उचलला आणि दूर भिरकावला. हातातून सुटताच तो फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. जवान वाचले. जखमा भरल्यानंतर एल एद्रूस यांनी त्यांना कौतुकासाठी बोलावून घेतले, तेव्हा तारापोर यांनी बक्षीस किंवा बढती मागितली नाही. आपल्याला चिलखती दलात पाठवावे, एवढीच विनंती त्यांनी केली. ती मान्य झाली आणि त्यांची बदली हैदराबाद लान्सर्समध्ये करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या रेजिमेंटसोबत त्यांनी मध्यपूर्वेत सेवा केली.

महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद संस्थानापुढे पेच उभा राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने हैदराबाद भारतात विलीन झाले. निजामाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो कसोटीचा काळ होता. ज्या सैन्यात उमेदीची वर्षे घालवली ते सैन्यच संपले होते, आणि नव्या सैन्यात आपले स्थान काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तारापोर यांची निवड भारतीय सैन्यात झाली आणि १९५१ साली ते पूना हॉर्समध्ये दाखल झाले. हैदराबादेत भारतीय फौजा घेऊन शिरणारे जनरल जे. एन. चौधरी १९६५ च्या युद्धात भारताचे लष्करप्रमुख होते, आणि त्याच युद्धात निजामाच्या सैन्यातून आलेल्या या अधिकाऱ्याने देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. स्वातंत्र्योत्तर सैन्याची घडण कशी झाली, हे समजण्यास हा एक योगायोग पुरेसा आहे.

पूना हॉर्स हे नावही आपल्या प्रांताशी जडलेले. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या पुणे करारानुसार, पेशव्यांच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली हे घोडदळ उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस खडकीची लढाई झाली आणि इकडे नागपुरात सीताबर्डीची. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, पण हॉर्स हे बिरुद आणि घोडदळाचा बाणा कायम राहिला. नायकाने पुढे राहावे, शिपायांना दिसावे, हा त्या बाण्याचा गाभा होता.

पन्नाशीच्या दशकात भारताने ब्रिटनकडून सेंच्युरियन रणगाडे घेतले. दुसऱ्या महायुद्धातील अनुभवावर बेतलेला हा रणगाडा १९४५ साली युद्ध संपता संपता तयार झाला होता. चार जणांचा चमू, ८४ मिलिमीटर व्यासाची तोफ, ६५० अश्वशक्तीचे रोल्स-रॉइस मिटिअर इंजिन, आणि ताशी सुमारे ३५ किलोमीटरांचा वेग. वेगात तो काहीसा मंद, पण भक्कम आणि अचूक होता. तारापोर यांना या रणगाड्याच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. परतल्यावर त्यांनी या यंत्राची बारीकसारीक माहिती रेजिमेंटमध्ये मुरवली. नेमबाजीच्या सरावावर त्यांचा विशेष भर असे. रणगाड्यांच्या झुंजीत पहिला गोळा अचूक बसणे याला फार मोल असते, कारण दुसरा गोळा झाडण्याची संधी मिळेलच याची खात्री नसते.

सप्टेंबर १९६५ मध्ये ही तयारी पणाला लागली. छांब भागात पाकिस्तानने केलेल्या चढाईचा दाब हलका करण्यासाठी भारताने पंजाबात आणि सियालकोट आघाडीवर सीमा ओलांडली. सियालकोटच्या बाजूने आत शिरलेल्या पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये पूना हॉर्स होती. समोर पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे होते. पॅटनची ९० मिलिमीटरची तोफ, त्याचा वेग आणि अंतर मोजण्याची यंत्रणा यांचा त्या काळी मोठा दबदबा होता. कागदावरील तुलनेत सेंच्युरियन त्याच्यापुढे जुना दिसे.

११ सप्टेंबर रोजी फिल्लौरा हे गाव घेण्याची कामगिरी पूना हॉर्सकडे आली. उसाची आणि मक्याची शेते, मधूनच आमराया, आणि त्यांच्या आडोशाला दडलेले रणगाडे, असा तो मुलूख. तारापोर फिल्लौरा आणि चाविंडा यांच्या दरम्यान पुढे सरकत असताना वझीरवालीच्या दिशेने पाकिस्तानी रणगाड्यांनी जोरदार प्रतिहल्ला केला. तारापोर जागचे हलले नाहीत. प्रतिहल्ला मोडून त्यांनी आपल्या एका स्क्वाड्रनसह फिल्लौरावर चाल केली. या धुमश्चक्रीत ते जखमी झाले. त्यांना मागे नेण्याची तयारी झाली, परंतु त्यांनी रणांगण सोडण्यास नकार दिला. त्या दिवशी फिल्लौरा भारतीय सैन्याच्या हाती आले.

येथे त्या झाकणाचा विचार करायला हवा. झाकण बंद केले की कमांडर पोलादाच्या आत सुरक्षित होतो. बंदुकीच्या गोळ्या आणि फुटलेल्या तोफगोळ्यांचे तुकडे त्याला लागत नाहीत. पण मग त्याला बाहेरचे जग दिसते ते पेरिस्कोपच्या अरुंद काचेतून. धुळीत, धुरात आणि उंच पिकात शत्रूचा रणगाडा कोठे लपला आहे, आपला शेजारचा रणगाडा कोणीकडे वळला आहे, हे त्या काचेतून नेमके समजत नाही. झाकण उघडे ठेवले तर चहूबाजूंनी दिसते, आवाजाची दिशा कळते आणि निर्णय काही क्षण आधी घेता येतो. मात्र छातीपासून वरचे शरीर उघडे पडते. तारापोर तोफगोळ्यांच्या माऱ्यातही कुपोलातून बाहेर डोकावत उभे राहत आणि आपल्या अधिकाऱ्यांनीही तसेच लढावे, असा त्यांचा आग्रह असे. ज्याच्याकडे पंचेचाळीसच्या आसपास रणगाड्यांची सूत्रे आहेत, त्याने स्वतःला जपणे हेही कर्तव्यच, असा युक्तिवाद त्यांना करता आला असता. त्यांचे उत्तर कृतीतून होते. इतरांनी झाकण उघडे ठेवून पुढे जावे अशी ज्याची अपेक्षा, त्याचे स्वतःचे झाकण बंद असून चालत नाही.

धाडसाची आणि उतावळेपणाची गल्लत येथे होऊ देता कामा नये. पूना हॉर्सच्या रणगाड्यांनी त्या दिवसांत जे साधले, ते केवळ छातीठोकपणाने साधणारे नव्हते. तारापोर यांच्या मानपत्रातील नोंदीनुसार या लढायांत रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे नऊ गमावले. ज्या पॅटनचा एवढा बोलबाला होता, त्याची यंत्रणा गुंतागुंतीची होती आणि युद्धाच्या घाईत ती हाताळणे चमूंना जड जाई. सेंच्युरियन साधा होता आणि त्याचे चमू सरावाने तयार झालेले होते. त्याच्या जोडीला, आघाडी डोळ्यांनी पाहून तत्काळ आज्ञा देणारा कमांडंट होता. उघडे झाकण आणि कसून केलेला सराव या दोन गोष्टींनी मिळून हे यश दिले.

१४ सप्टेंबर रोजी वझीरवाली घेण्यात आले. यानंतर लक्ष्य होते चाविंडा. त्याला पाठीमागून घेरण्यासाठी १६ सप्टेंबरला जस्सोरान आणि बुटुर डोगरांडी ही ठाणी घेणे आवश्यक होते. जखमी अवस्थेतच तारापोर यांनी या हल्ल्याचे नेतृत्व केले. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे बसले, तरी दोन्ही ठिकाणची पकड त्यांनी सुटू दिली नाही. चाविंडावर मागून हल्ला करणाऱ्या पायदळाला त्यामुळे आधार मिळाला. याच बुटुर डोगरांडीच्या लढाईत ८ गढवाल रायफल्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड हेही धारातीर्थी पडले. ते बेने इस्रायली समाजातील होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी शतकानुशतकांचे नाते असलेल्या दोन लहान समाजांतील दोन कमांडंट पंजाबच्या एकाच शिवारात देशासाठी कामी आले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

त्याच १६ सप्टेंबरला तारापोर यांच्यावर काळाचा घाला पडला. त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला आणि त्यांना वीरमरण आले, असे मानपत्र सांगते. त्यांचे वय ४२ वर्षांचे होते.

आपण परतणार नाही, ही शक्यता त्यांनी गृहीत धरली होती. लढाईपूर्वी त्यांनी एका सहकाऱ्याजवळ आपली शेवटची इच्छा सांगून ठेवली होती. आपल्यावर रणभूमीतच अग्निसंस्कार करावेत, प्रार्थनेचे पुस्तक आईला, गळ्यातील सोन्याची साखळी पत्नीला आणि लेखणी मुलाला द्यावी, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. पारशी समाजात अग्नी परम पवित्र मानला जातो आणि परंपरेने मृतदेह त्यास अर्पण करीत नाहीत. आपल्या श्रद्धेचा ग्रंथ युद्धभूमीवरही जवळ बाळगणाऱ्या माणसाने आपल्या देहासाठी मात्र सोबतच्या सैनिकांचा रिवाज निवडला. रेजिमेंटने त्यांची इच्छा पाळली आणि ज्या मातीवर ते पडले त्याच मातीवर त्यांना अग्नी दिला.

चाविंडा अखेरपर्यंत भारताच्या हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद करार झाला आणि दोन्ही बाजूंनी जिंकलेला मुलूख परत करावा असे ठरले. फिल्लौरा, वझीरवाली, जस्सोरान ही सारी गावे, आणि ज्या जागी तारापोर यांची चिता पेटली ती जागाही, पुन्हा सीमेपलीकडे गेली. मग हे सारे कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे लष्करी उत्तर असे की फिल्लौराच्या परिसरात पाकिस्तानच्या चिलखती दलाची बरीच शक्ती खर्ची पडली आणि पॅटनचा धाक कायमचा ओसरला. दुसरे उत्तर सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटकडून मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला सेंच्युरियन सोडून मागे येण्याची आज्ञा असतानाही झुंज चालू ठेवली आणि प्राण दिला. पुण्यात जन्मलेले खेत्रपाल तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. कमांडंटने घालून दिलेला धडा रेजिमेंटमधील सर्वांत तरुण अधिकाऱ्यांपर्यंत पोचला होता.

तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले. १९६५ च्या युद्धात हा मान दोघांनाच मिळाला. दुसरे होते पॅटन रणगाड्यांचे कर्दनकाळ ठरलेले अब्दुल हमीद. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरचक्रविजेत्यांची नावे देण्यात आली. त्यांत एक बेट तारापोर यांच्या नावाचे आहे. जिंकलेली जमीन परत द्यावी लागलेल्या या योद्ध्याचे नाव आता भारताच्या नकाशावर समुद्रात कोरले गेले आहे.

ज्यांना प्रतिकृतीपलीकडे जाऊन खरा रणगाडा पाहायचा असेल त्यांच्यासाठी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील रणगाडा संग्रहालय महाराष्ट्रातच आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे उघड्या पटांगणात उभे आहेत आणि सेंच्युरियनही त्यांत आहे. मुलांना तेथे नेणाऱ्यांनी तोफ आणि पट्टे दाखवून झाल्यावर मान वर करून टरेटच्या माथ्याकडेही पाहावे. जमिनीपासून तो तीन मीटरांवर आहे. शेतातील उसाच्याही वर निघणाऱ्या त्या उंचीवर, झाकण उघडे ठेवून, शत्रूला सर्वांत आधी दिसेल अशा जागी तारापोर ११ ते १६ सप्टेंबर असे सहा दिवस उभे होते, आणि त्यांतील बहुतेक काळ जखमी अवस्थेत.